हालत्या पुलाचा वैशाख

वैशाख लागला की आमच्या गॅलरीत खाडीचा वारा येतो आणि भर दुपारी एकाएकी पडतो. मुलुंडच्या पूर्वेला आता एकाला खेटून एक इतक्या इमारती उभ्या राहिल्या आहेत की खाडी दिसायची केव्हाच बंद झाली. वारा मात्र कुठून तरी वाट काढतो. जिभेवर खारट चव येते, दोरीवरचे टॉवेल कडक होतात, आणि मग सगळंच थांबतं. समोरच्या सोनमोहराचं पानसुद्धा हलत नाही.

मी शाळेत शिकवायचे. तेव्हा वैशाख म्हणजे हलके दिवस. पेपर तपासून झालेले, निकाल लागलेला, बोटांवरचा लाल शाईचा डाग हळूहळू फिका होत चाललेला. दुपारी आंब्याची कोय चोखत बसलं तरी कोणी काही म्हणणार नाही असे दिवस. एक वैशाख मात्र असा आला, की त्यानंतर दरवर्षी हा महिना येतो तेव्हा अंगात आधी थकवा येतो आणि मग उकाडा. तो हालत्या पुलाचा वैशाख.

आमच्या वस्तीच्या मागे मिठागरं होती. मिठागरांच्या मधून खाडीचा एक फाटा आत शिरलेला, आणि त्या फाट्यापलीकडे एक जुनं गावठाण. कौलारू घरं, अंगणात क्रूस, विहीर, चिंचेची झाडं. माणसं ख्रिस्ती; पण बोलणं मराठी, भात लावणारी, मासे धरणारी, मुंबईची मुंबई व्हायच्या आधीपासून तिथे राहणारी. त्या फाट्यावर हा पूल होता. दोन्ही काठांवर उंच लोखंडी खांब, खांबांवरून सोडलेले मनगटाएवढे जाड तारेचे दोर, दोरांना लोंबणाऱ्या सळया आणि सळयांच्या आधाराने तोललेल्या फळ्या. खाली पाण्यात एकही टेकू नाही. समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागे एवढीच रुंदी. पुस्तकात ह्याला झुलता पूल म्हणतात. आमच्याकडे झुलण्यासारखं काही सुखाचं नव्हतं, म्हणून सगळे हालता पूलच म्हणायचे.

तो कोणी बांधला ह्याची पाटी नव्हती. असलीच तर भंगारात गेलेली. आमच्या बाजूचे म्हातारे सांगायचे की इंग्रजांच्या काळात मिठागराच्या शेटने बांधला, पलीकडच्या बायका मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन सरळ ह्या काठाला याव्यात म्हणून. पलीकडचे सांगायचे की शेटने नुसतं लोखंड दिलं, बांधला आम्ही. आनामाय म्हणून एक म्हातारी तिथे होती, तिच्या सासऱ्याच्या खांद्यावर म्हणे तो दोर वाहिल्याचा वण होता. भरतीच्या पाण्यावर पडावातून लोखंड आलं, आणि गावातल्या पुरुषांनी रांगेत उभं राहून तो तारेचा दोर अजगर वाहावा तसा खांद्यांवरून वाहिला. "एका टोकाचा वळला की दुसऱ्या टोकाचा पडायचा," आनामाय सांगायची आणि पोट धरून हसायची, जणू ती स्वतः तिथे उभी होती.

पुढचा इतिहास कुठे लिहिलेला नव्हता. तो पायाखालच्या फळ्यांत होता. मिठाचा धंदा जोरात होता तोवर दर पावसाळ्याआधी पुलाला शेंदरी रंग लागायचा, कारण मिठाच्या वाऱ्यापुढे लोखंड टिकत नाही. धंदा बसत गेला तशी रंगाची पाळी चुकायला लागली. फळी तुटली की ज्याच्या घरी जे असेल ते तो आणून ठोकायचा. एका ठिकाणी कोणाच्या तरी जुन्या दाराचं फळकूट होतं, त्याला कडीसुद्धा तशीच. पोरं जाता जाता ती वाजवायची. एका ठिकाणी पत्रा होता, त्यावर पाऊल पडलं की अख्ख्या गावाला कळायचं की कोणीतरी आलं.

पुलाचा एक कायदा होता. त्यावर पावलाला पाऊल मिळवायचं नाही. सगळ्यांची पावलं एका ठेक्यात पडली की पूल अंगात आल्यासारखा डोलायला लागतो. म्हणून वरात असो, मिरवणूक असो, पुलाच्या तोंडाशी बँड थांबायचा. वाजंत्री वाद्यं काखेत मारून गप्प चालायचे आणि पलीकडे उतरले की पहिल्या सुराला हात घालायचे. मुंबईत इतकी गप्प वरात मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. नवरी-नवरदेव, करवल्या, म्हातारेकोतारे, सगळे तोल सांभाळत, खालचं पाणी बघत चाललेले. फक्त सळयांची कुरकुर.

मी पहिल्यांदा त्यावर पाय ठेवला तो लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी. आमचे हे म्हणाले, "चल, तुला माझ्या दुसऱ्या आईकडे नेतो." मला वाटलं, मालवणाकडची कोणी नातेवाईक असेल. पुलाच्या मध्यावर गेल्यावर मी सळई धरून थांबले. ह्यांनी हात धरला नाही; नुसतं म्हणाले, "खाली बघू नको, समोर चिंच बघ." चिंचेखाली ती उभी होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, गळ्यात सोन्याच्या मण्यांत ओवलेला क्रूस, आनामाय. हे कोकणातून मिसरूड फुटायच्या वयात मुंबईला आले तेव्हा काकांच्या एका खोलीत इतकी माणसं होती की जेवायची पाळी रात्री कधी यायची त्याचा नेम नसे. कंपनीत ह्यांच्या शेजारच्या मशीनवर मायकल लागला. तो एका रविवारी ह्यांना घरी घेऊन गेला आणि त्याच्या आईने, म्हणजे आनामायने, ह्यांच्या ताटात बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. पुढे लग्न होईपर्यंत ह्यांचा रविवार तिथेच. मला पाहून ती म्हणाली, "वसंता, बाईल शिकलेली आणलीस. आता तरी कॉलरचं बटण लावत जा."

ह्या सगळ्याला आता खूप वर्षं झाली. पण वैशाखात वारा पडतो तेव्हा मला आधी बोंबलाचा वास आठवतो, आणि मग बाकीचं.

कंपनी बंद पडली. आमच्या भागात एकेक करून सगळ्याच पडत होत्या. कुठे मॉल आला, कुठे टॉवर. ह्यांचं वय असं, की नवीन नोकरी मिळायला म्हातारे आणि घरी बसायला तरुण. मायकलने टेम्पो घेतला. ह्यांना ड्रायव्हिंग येत नव्हतं. हे सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे आणि मग खुर्चीत बसायचे. मी शाळेत निघाले की दारापर्यंत पोचवायला यायचे, जणू मीच कामावर निघालेला कर्ता पुरुष. ते दिवस बोलायचे नाहीत. बोलून ते हलके झाले नसते.

आणि मग त्या पुलावर बोर्ड लागला. पूल वापरण्यास धोकादायक, बंद. दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले. लोकांनी दुसऱ्याच दिवशी पत्रा वाकवून माणूस जाईल एवढी फट केली. मग पुलाचं काम घेतलेल्या कंत्राटदाराला रखवालदार ठेवावा लागला. त्याला जवळचा, भरवशाचा माणूस हवा होता. कोणीतरी आमच्या ह्यांचं नाव सांगितलं.

"घराजवळ आहे," हे मला म्हणाले. "आणि नुसतं बसायचंय."

नुसतं बसायचं! निळा गणवेश, प्लास्टिकची खुर्ची, एक काठी आणि ओळखीच्या प्रत्येक माणसाला नाही म्हणणं. पलीकडून शाळेची पोरं यायची, त्यातली अर्धी माझ्याच वर्गातली. मासळी विकायला जाणाऱ्या बायका यायच्या. कामावर जाणारी माणसं यायची. गावठाणाला दुसरा रस्ता होता, पण तो मिठागराच्या बांधावरून पार वळसा घालून हायवेला लागायचा. मोठ्या भरतीला त्याच्या सखल भागात पाणी चढायचं. रिक्षावाले यायला तयार नसायचे. पुलावरून चार पावलांवरचं स्टेशन बांधावरून गेलं की परगावासारखं वाटायचं.

"वसंता, तूपण?" असं सगळे म्हणायचे. सुरुवातीला हसून, मग न हसता. एका बाईने टोपलीतलं पाणी मुद्दाम ह्यांच्या पायांवर सांडलं. पोरं लांबून 'वॉचमन, वॉचमन' करून ओरडायची. हे संध्याकाळी घरी यायचे, बूट काढायचे आणि बराच वेळ पायांकडे बघत बसायचे. "चालतो तर काही नाही," एकदा म्हणाले, "पण पाय असे दुखतात की जसा मीच सगळ्यांना बांधावरून फिरवून आणतोय."

मी विचारलं, "खरंच पडेल का हो तो?"

"लोखंडपण थकतं गं. कंपनीत बघितलंय. वरून धड दिसतं आणि एक दिवस कट् करून जातं." मग थांबून म्हणाले, "पडणारही नाही कदाचित. मी काय देव आहे?"

त्याच वैशाखात मायकलच्या मुलीचं, रोझलिनचं लग्न ठरलं.

रोझलिन माझी विद्यार्थिनी. वर्गात खिडकीजवळ बसायची, निबंधात सगळीकडे अनुस्वार द्यायची. लग्न लागणार ते आमच्या काठावरच्या चर्चमध्ये, कारण पलीकडे नुसता क्रूस होता, चर्च नव्हतं. आनामायच्या घरातली प्रत्येक नवरी त्या पुलावरून चालत चर्चला आली होती. आनामाय स्वतः नवरी होऊन आली ती त्याच पुलावरून, आणि तिच्या सासूबद्दलही ती तेच सांगायची. आता ती इतकी थकली होती की अंगणातून विहिरीपर्यंत जाताना दोनदा टेकायची, पण तिचा एकच हट्ट होता: नातीला पुलावरून घेऊन जायचं. एकदाच. मग पूल पाडा नाहीतर विका.

मायकल आमच्याकडे आला तो बायकोला, सिसिलियाला, घेऊन. पत्रिका दिली, पेढे नको म्हटलं तरी खाल्ले. मग म्हणाला, "वसंता, शनिवारी संध्याकाळी तुझी ड्युटी आहे ना?"

"आहे."

"मग झालं. तू अर्धा तास चहाला जा. आम्ही जाऊ पटकन. बँडपण वाजवणार नाही, पूल उतरेपर्यंत."

ह्यांनी पत्रिका टीपॉयवर ठेवली.

"अरे, म्हातारीची शेवटची इच्छा आहे. डॉक्टरने सांगितलंय, पावसाळा काढेल की नाही सांगता येत नाही."

"तिला मी पाठीवर घेऊन बांधावरून आणतो," हे म्हणाले. "शप्पथ. पण पुलावरून नाय जमणार, मायकल. वरातीत किती माणसं असतात तुला माहितीये. कितीही सांगितलं तरी सगळी एकदम चढतात. फोटोवाला मध्येच थांबवणार, पोरं उड्या मारणार."

"इतकी वर्षं पडला नाही तो आमच्याच वेळी पडणार?"

"कोणाच्या तरी वेळी पडणारच ना रे."

सिसिलियाने तोंडावर पदर घेतला. लग्नाच्या घरात असलं बोलणं. मायकल उठला. "कंत्राटदाराचा माणूस झालास तू," एवढंच म्हणाला. पत्रिका टीपॉयवर तशीच राहिली, त्यावर दोन सोनेरी कबुतरं.

ते गेल्यावर मी म्हटलं, "एकदाच जाऊ द्या ना हो. देव बघतो." मला आनामायचा चेहरा दिसत होता.

"तुला माझ्याहून जास्त वाईट वाटतंय का?" ह्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

लग्नाला मी गेले. न जाण्याचा प्रश्नच नव्हता. सकाळीच बांधावरून चालत पलीकडे गेले. उन्हाने मिठाच्या राशी इतक्या पांढऱ्या दिसत होत्या की डोळे उघडवत नव्हते. अंगणात मांडव होता, तेलात मैद्याचे गोल फुगे तळले जात होते, मसाल्याचा वास घराबाहेर येऊन उभा होता. आदल्या दिवशी विहिरीवरून वाजत-गाजत पाणी आणलं होतं. आतल्या खोलीत रोझलिन पांढऱ्या पोशाखात बसली होती आणि आनामाय तिच्या केसांत स्वतःच्या हाताने अबोली माळत होती. कोणी ह्यांचं नाव काढलं नाही. माझ्या ताटात सगळ्यांच्या आधी वाढलं गेलं, तेव्हा मी घास नुसता चिवडत बसले.

ऊन कलल्यावर वरात निघाली, आणि बांधाकडे वळायच्या ऐवजी पुलाकडे वळली. मायकलने ठरवलंच होतं. गावठाणाच्या बाजूचा पत्रा तरुणांनी आधीच काढून ठेवला होता. बँड जोरात वाजत होता. पुलाच्या तोंडाशी आल्यावर तो सवयीने थांबला, आणि त्या एकदम पडलेल्या शांततेत सगळ्यांना दिसलं की पुलाच्या पहिल्या फळीवर आमचे हे उभे आहेत.

ते आमच्या काठावरून पूल ओलांडून एकटे आले होते. गणवेश घातलेला, वरचं बटण लावलेलं. काठी कुठे ठेवली होती कोण जाणे. दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या सळयांना धरलेले.

"बाजूला हो, वसंता," मायकल म्हणाला.

"नाही."

"मी हात लावणार नाही तुला. पण ही पोरं लावतील."

"लावू देत."

तरुण पुढे सरकले. कोणीतरी शिवी दिली. फोटोवाला कॅमेरा खाली करून बघत राहिला. मी घोळक्यात, रोझलिनच्या मागे उभी होते. तेवढ्यात आनामायने दोन बायकांच्या खांद्यांवरचे हात काढले आणि ती एकटी पुढे चालत गेली. सगळे थांबले. ती ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचं डोकं ह्यांच्या छातीला लागत होतं.

"मला वलांडू दे," ती म्हणाली.

"माय, तुला एकटीला न्यायचं असतं तर आत्ता उचलून नेलं असतं. पण तुझ्यामागे सगळे येतील."

"येव दे."

"नाही, माय."

तिने हात उचलला आणि ह्यांच्या गालावर मारला. तिच्या अंगात ताकद ती किती, पण एवढ्या शांततेत आवाज मोठा झाला. खाली पाण्यात उभा असलेला बगळा उडाला. ह्यांचे डोळे भरून आले. हात सळयांवरून सुटले नाहीत.

"अजून मार," हे म्हणाले. "पण जाऊ नको."

ती बघत राहिली. मग तिने पाठ फिरवली आणि म्हणाली, "टेम्पो काढा."

वरात मायकलच्या टेम्पोत आणि दोन जीपगाड्यांत कोंबली गेली. मला कोणी म्हटलं नाही, ये किंवा नको. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मानेने खूण केली, जा म्हणून. मी टेम्पोत चढले आणि आनामायच्या शेजारी बसले. बांधावर भरतीचं पाणी चढायला लागलं होतं. एका ठिकाणी चाक रुतलं, नवरदेवाकडच्या माणसांनी सुटाबुटात ढकललं, रोझलिनच्या पोशाखाची कड चिखलाने काळी झाली. चर्चमध्ये फादर वाट बघत दारात उभे होते. लग्न लागलं. सगळं वेळेत नाही, पण लागलं.

त्या सगळ्या वाटेत आनामायने माझा हात धरून ठेवला होता. बोलली ती एकदाच, चर्चचं शिखर दिसायला लागल्यावर, आणि तेही माझ्याकडे न बघता. "जास्ती लागलं असेल काय गं त्याला?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

पूल पडला नाही. त्या पावसाळ्यात नाही, पुढच्या पावसाळ्यात नाही. वादळं आली, मिठागराच्या ऑफिसचे पत्रे उडाले, आमच्या सोसायटीचं नारळाचं झाड आडवं झालं. पूल उभा. चहाच्या टपरीवर, रेशनच्या रांगेत, जिथे तिथे लोक ह्यांना ऐकवायचे. "काय वसंतराव, आहे ना अजून?" हे म्हणायचे, "आहे." दुसरं काय म्हणणार? पूल पडावा असं कोणाला वाटेल? आणि तो रोज उभा राहिला की रोज आपणच थोडे खोटे पडतो, हेही चुकत नाही. टीव्हीवर कुठल्या तरी गावात पूल पडल्याची बातमी आली की हे उठून गॅलरीत जायचे. मी आवाज बारीक करायचे. असं किती वर्षं चालावं? माणूस कष्टाने थकतो म्हणतात. मला वाटतं, माणूस ह्या असल्या न लागणाऱ्या निकालाने जास्त थकतो. माझ्या वर्गातली पोरं नापास झाली की रडायची, आणि मधल्या सुट्टीत खेळायला लागायची. ज्यांचा निकाल राखून ठेवलेला असायचा त्यांना खेळता यायचं नाही.

मायकल बोलायचा बंद झाला होता. रस्त्यात टेम्पो दिसला की तो समोर बघायचा आणि हे खाली.

आनामायने डॉक्टरचा अंदाज खोटा ठरवला. तो पावसाळा काढला, वर आणखी दोन काढले. रोझलिनच्या मुलाला मांडीवर घेतलं. मग एका हिवाळ्यात सकाळी गेली. निरोप सिसिलियाने पाठवला. हे बांधावरून चालत गेले, मी मागून. अंत्ययात्रा त्याच बांधावरून निघाली, कारण दुसरा रस्ताच नव्हता. पेटी खांद्यावर घेऊन पुरुष हळूहळू चालत होते. हे सगळ्यांच्या मागे, माणसांपासून थोडे तुटून. वळणावर मायकल मागे वळला. त्याने ह्यांना पाहिलं. मग पेटीखालून आपला खांदा बाजूला काढला, ती जागा मोकळी ठेवली आणि तसाच बाजूने चालत राहिला. हे पुढे गेले आणि त्यांनी तिथे खांदा लावला. चर्चपर्यंत दोघांनी आळीपाळीने दिला.

त्यानंतर मान हलवण्यापुरतं सुरू झालं. गावठाणातली माणसं हळूहळू निघायला लागली होती. रस्ता नसलेल्या गावात पोरांची लग्नं जमत नाहीत. कोणी वसईला, कोणी नालासोपाऱ्याला. मायकलनेही वसईला खोली घेतली. शेवटी एकदा पूल पाडायचं काम निघालं. त्याच्या जागी नवा पूल बांधायचा होता, गाड्या जाणारा, सिमेंटचा. गॅस कटर आले, क्रेन आली. आमच्या घरापर्यंत रोज ठोकण्याचा आवाज यायचा. अख्खी वस्ती बघायला जायची. मीही एकदा गेले. सळया काढलेल्या, फळ्या काढलेल्या, नुसते दोन दोर आकाशात ताणलेले होते. हे गेले नाहीत. एक दिवसही नाही. सकाळीच पिशवी घेऊन भाजीच्या निमित्ताने उलट्या दिशेला निघायचे.

ज्या दिवशी शेवटचा दोर उतरला त्या संध्याकाळी दारावरची बेल वाजली. मायकल होता. खास वसईहून आला होता. कपड्यांवर गंज आणि चिखल. तो रोझलिनच्या पत्रिकेनंतर पहिल्यांदा आमच्या घरात पाय ठेवत होता. मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"वसंता, मी दिवसभर तिथेच होतो," तो म्हणाला. "खांबाच्या बुडाशी जिथे दोर जमिनीत बांधलेला असतो ना, ते त्यांनी आज फोडलं. आतला दोर कसा होता ते मी माझ्या डोळ्यांनी—"

"नको सांगू," हे म्हणाले.

"अरे, ऐक तर."

"नको. धड होता म्हणालास तर ते मला जन्मभर पुरेल. कुजलेला होता म्हणालास तर तुला पुरेल. तुझ्या आईच्या हातचं खाल्लंय मी. तुला खाली मान घालायला लावून मला काय मिळणार?"

मायकल तसाच उभा. त्याचा हात खिशात होता, मुठीत काहीतरी होतं की नव्हतं, देव जाणे. बाहेर कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. मग त्याने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि खुर्चीत बसला.

"चहा टाका, वहिनी," म्हणाला.

त्याने सांगितलं नाही. आजतागायत नाही. मीच एकदा त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा हळूच विचारलं, "मायकल, मला तरी सांग. कसा होता?" तो एक पायरी खाली होता. तिथून वर बघत म्हणाला, "वहिनी, माझ्या चहात साखर कमी टाकत जा ना. डायबिटीस निघालाय." आणि उतरून गेला.

नव्या पुलावरून आता ट्रक जातात. पलीकडे बहुतेक नवी माणसं राहतात, त्यांना पूल कधी हालत होता हेही माहीत नसावं. मायकल महिन्याला एकदा येतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. परवा आला तेव्हा त्याने खालून हाक मारली. हे त्याला आणायला म्हणून उतरले, आणि मग दोघांनाही वर यायला दम पुरेना. मी दार उघडून उभी राहिले. जिन्यातून नुसते आवाज येत होते.

"बस रे जरा इथे."

"तू बस. मी उभा आहे."

"तू उभा राहिलास की मला बसवत नाही."

"मग दोघं बसू. कोण बघतंय?"

नंतर कोणीतरी हसलं, कोणीतरी खोकलं. ओळखू येईना कोण ते. मी आत गेले आणि चहाचं आधण खाली उतरवून ठेवलं. त्यांना वेळ लागणार होता.